कानशीचे दोन हात जास्त

"हाच," चिगुसा म्हणाली आणि फळीवरचा छोटा चेनसॉ तिनं एका हातानं उचलला. "बघा ना, मांजराच्या पिलाएवढा आहे."

"हलका आहे का?" शेजारी उभ्या असलेल्या इवाओनं विचारलं.

"अडीच किलो," काउंटरमागून किनुए म्हणाली. विचारलं होतं तेवढंच तिनं सांगितलं.

कुमासावाच्या खोऱ्यात 'साएकी मशिनरी' हे एकच दुकान होतं. गवत कापायच्या यंत्रापासून बर्फ फेकायच्या यंत्रापर्यंत सगळं तिथे विकलं जाई आणि तिथेच दुरुस्तही होई. किनुए तोशिमा त्या दुकानात एकतीस वर्षं होती. वय चौपन्न. आईचं करता करता लग्न राहून गेलं असं लोक म्हणत, आणि ती ते खोडून काढत नसे. खोऱ्यातल्या निम्म्या घरांत लाकडाची शेगडी होती आणि त्या प्रत्येक घरातला चेनसॉ किनुएनं निवडून दिलेला होता. तिची पद्धत ठरलेली. गिऱ्हाइकाला यंत्राला हात लावू देण्याआधी ती चार गोष्टी विचारी: काय कापणार, केवढं जाड, कोण धरणार आणि किती दिवस. उत्तरं ऐकून झाली की फळीवरचं एक यंत्र काढून ती पुढे ठेवी. त्यावर वाद घालायला कोणी जात नसे. "डॉक्टरला नाडी दाखवावी आणि किनुएताईला सरपण सांगावं," असं गावात म्हणत.

आज तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता.

चिगुसाच्या हातातलं यंत्र घरासाठी नव्हतंच. त्याची मूठ मागे नसून वर होती. दोर बांधून झाडावर चढणाऱ्या कामगारांसाठी ते बनवलेलं. फांदीवर बसल्या बसल्या जवळचं कापता यावं म्हणून आखूड. जमिनीवर उभं राहून सरपण तोडणाऱ्याच्या हातात ते घातकी. दोन्ही हात एकमेकांना खेटून येतात, पात्याचं टोक लाकडाला लागलं की करवत उसळते, आणि त्या उसळीला आवरायला मनगटात बळ उरत नाही. उसळी तोंडाकडेच येते. पण यंत्र दिसायला गोजिरवाणं; नवख्या माणसाची नजर आधी त्याच्यावरच जाई. एकतीस वर्षांत किनुएनं अशी चाळीसएक माणसं तरी माघारी वळवली होती.

"मला आधी यांचीच करवत वापरायची होती," चिगुसा तिला सांगत होती. "पण ताई, ती माझ्या हातात उजवीकडे पळते. ओंडका सरळ धरला तरी काप तिरपा. हे म्हणतात, तुझा हात नवा आहे."

हे म्हणतात. लग्नाला दोन महिने झाले नव्हते.

"नवाच आहे की," इवाओ म्हणाला. "माझ्या हातात तर गाडी रुळावरून जावी तशी जाते."

ती का पळते हे खोऱ्यात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस काउंटरमागे उभं राहून चिगुसाचे दात बघत होतं. दात चांगले होते. केस पांढरे होत आले होते, पण तिनं ते रंगवले नव्हते, आणि न रंगवताही ते बरे दिसत होते. दोन वर्षांपूर्वी ती सैतामाहून एकटी आली, गावानं बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या घरात राहिली, पाळणाघरात स्वयंपाकाला लागली. पहिल्याच हिवाळ्यात शेजारणींकडून मुळे धुरावर टांगून सुकवायला शिकली. कोणाकडे रिकाम्या हातानं जात नसे, कोणाबद्दल वावगं बोलत नसे. खोट काढायला काही सापडत नव्हतं, आणि किनुएला तीच तिची सगळ्यात मोठी खोट वाटत होती.

"वहिनींची नजर पक्की आहे," शेगडीजवळून मालक साएकी म्हणाले. ते एकोणऐंशी वर्षांचे होते. हातातला चहाचा कप थरथरत होता आणि थोडा चहा बशीत सांडला होता. "किनुए, पावती कर गं. नाव वहिनींचंच घाल. बायकोच्या नावावर चेनसॉ घेणारा इवाओ गावातला पहिलाच."

"भांडण झालं तर मला पळायला जागा ठेवा," इवाओ म्हणाला, आणि चिगुसा हसली. इवाओही हसला. इवाओ मात्सुहाशी शाळेची बस चालवायचा. पहिली बायको गेल्यानंतरची अकरा वर्षं तो या दुकानात येई, चेनसॉची साखळी धारेला ठेवी, शेगडीशी दोन मिनिटं हात शेकी आणि जाई. त्याला हसताना किनुएनं या दुकानात तरी पाहिलं नव्हतं.

तिनं पावती केली. मालकांना अक्षर नीट दिसत नसे, म्हणून गॅरंटीचा कागदही तिनंच भरला. 'वापर' या रकान्यात तिनं लिहिलं: घरगुती. लिहिताना पेन अडलं नाही. खोकं बांधताना मात्र ती क्षणभर थांबली. आता बोललं तरी चालेल, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात चिगुसानं इवाओच्या तपकिरी रुईभरल्या कोटाची वर राहिलेली कॉलर दोन बोटांनी खाली केली, सहज, त्याच्याकडे न बघता. किनुएनं सुतळीची गाठ आवळली.

"उद्या चालू करू नका हं," मालक म्हणाले. "उद्या बारा तारीख."

"माहीत आहे," चिगुसा म्हणाली. "देवी झाडं मोजते."

*

दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या तीन ओळी होत्या. प्रत्येक खिळ्यावर एका नेहमीच्या गिऱ्हाइकाची लाकडी पट्टी आणि तिच्याखाली त्याची धार लावून तयार असलेली दुसरी साखळी. बोथट आणून द्यायची, धारेची घेऊन जायची. चौदावा खिळा इवाओचा.

एकोणीस वर्षांपूर्वी बीच झाडाचा ओंडका घरंगळून त्याचा उजवा खांदा निखळला होता. तो बसला, पण पूर्वीसारखा नाही. त्यानंतर त्यानं आणून दिलेल्या पहिल्याच साखळीवरून आणि पात्याच्या झिजेवरून किनुएला कळलं की हा माणूस आता कापताना डावीकडे कलतो. सांगून उपयोग नव्हता. कलणाऱ्याला आपण कलतो हे कळत नाही. तिनं साखळी शिकंज्यात धरली आणि डाव्या बाजूच्या दातांवर कानशीचे दोन हात जास्त मारले. डावे दात आखूड झाले की करवत उजवीकडे ओढते. त्याचं कलणं आणि करवतीचं ओढणं एकमेकांत जिरलं आणि काप सरळ आला. पुढच्या महिन्यात तो दारातूनच म्हणाला, "छान लागलीय धार." तेव्हापासून दर महिन्याला ती मागच्या खोलीत दिव्याखाली बसून त्याचा खांदा कानशीनं सांभाळत आली होती. कोणाला सांगायचं कारण पडलं नाही. ती करवत दुसऱ्या कोणी हातात धरली तर वाकडी जाईल हे तिला ठाऊक होतं. दुसरं कोणी धरेल असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं.

तयार साखळी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याचं काम मालक स्वतः करत. धारेची वस्तू मालकाच्या हातून जावी, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज. किनुए धार लावून खिळ्यावर अडकवी, मालक खिळ्यावरून काढून देत.

आणखी एक जुनी गोष्ट होती. बावीस वर्षांपूर्वीच्या अशाच बारा तारखेला दुकानात जमलेले सगळे पुरुष डोंगरदेवीच्या देवळाकडे निघाले होते. देवी मत्सरी, बायका तिला खपत नाहीत. म्हणून बायका त्या दिवशी घरी राहत आणि पुरुष तिला वाळलेला ओकोझे मासा दाखवत. तो मासा इतका विद्रूप असतो की आपल्याहून कुरूप कोणी आहे हे बघून देवीला बरं वाटतं आणि ती वर्षभर कोणाच्या वाटेला जात नाही. "मीपण येऊ का?" किनुएनं गमतीत विचारलं होतं. "चल की," मालक म्हणाले होते. "तुला बघून देवी चिडायची नाही. उलट माशाचा खर्च वाचेल." सगळे हसले. इवाओ हसला नाही. तो बुटाची नाडी बांधत होता.

त्या न हसण्यावर किनुएनं बावीस वर्षं काढली होती.

त्या संध्याकाळी तिनं मिसोचं सूप केलं आणि ते तसंच पातेल्यात राहिलं. चिगुसाला काय होऊ शकतं याचा ती विचार करत नव्हती. ते तिला एखाद्या चित्रासारखं स्वच्छ दिसत होतं. दिसलं तेव्हा आपल्याला आधी काय वाटलं, याचा ती विचार करत होती. ते फार चांगलं नव्हतं.

*

बारा तारखेला सकाळी खोऱ्यात कुठंही यंत्राचा आवाज नव्हता. त्या दिवशी देवी पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत आपली सगळी झाडं मोजते. रानात माणूस सापडला तर झाडांत मोजला जातो, आणि मोजला गेला की तिथलाच होतो. त्यामुळे चेनसॉ लावणं सोडाच, लोक काठीसुद्धा उचलायला डोंगराकडे जात नसत.

दुकान बंद होतं. किल्ली किनुएकडे होती. तिनं फळीवरून मागे मूठ असलेला, मध्यम पात्याचा एक चेनसॉ काढला. वजन चार किलो. दुकानाच्या छोट्या ट्रकमध्ये तो ठेवला, पिशवीत एक नवी कानस आणि आपली जुनी कानस घेतली, आणि ती मात्सुहाशींच्या वस्तीकडे निघाली. पुरुष देवळात असतील, इवाओ घरी नसेल, दोन शब्दांत अदलाबदल करून परत यायचं. उद्या सकाळी लोक करवती सुरू करतील तोवर हे होऊन गेलेलं असेल. देवीनं एक दिवस दिला होता.

पुलावर तिनं काच खाली केली. बर्फानं भरलेल्या खोऱ्यात एकच आवाज चालू होता. बारीक, चिरका. कुठल्या यंत्राचा, हे तिला बघावं लागलं नाही.

अंगणाच्या तोंडाशी तिनं ट्रक सोडला आणि ती धावली. चिगुसा एका ओंडक्यावर पाय देऊन उभी होती. डाव्या हातानं तिनं फांदी धरली होती आणि उजव्या, एकट्या हातात करवत. किनुएला ओरडता येईना; दचकली तरी धोका. करवत चालवणाऱ्याच्या मागून जायचं नसतं. ती बर्फातून लांबचा वळसा घेऊन चिगुसाच्या समोर आली, दहा पावलांवर थांबली आणि तिनं दोन्ही हात वर केले.

चिगुसानं यंत्र बंद केलं.

"सापडले," ती हसत म्हणाली. "देवीनं पाठवलं का तुम्हाला? अंगण म्हणजे काही डोंगर नाही, असं यांनीच सांगितलं होतं हो."

तिनं इवाओचा तो तपकिरी कोट घातला होता. डाव्या खांद्यावर कोट फाटला होता आणि आतली रुई बाहेर आली होती. पायाशी भुशावर रुईचे पांढरे पुंजके पडले होते.

"हे काय?" किनुएनं विचारलं.

"ते होय. मघाशी जरा उसळली. मांजर बोचकारतं तशी. म्हणून तर फांदी घट्ट धरली."

किनुए जवळ गेली. फाटलेली रेघ खांद्यावरून सुरू होऊन मानेच्या दिशेनं गेली होती आणि मानेपासून चार बोटांवर संपली होती. तिनं ती चार बोटं मोजली. मग चिगुसाच्या हातातून करवत काढून घेतली आणि बर्फावर ठेवली.

"ही झाडावर चढणाऱ्यांची करवत आहे," ती म्हणाली. "खाली उभं राहून सरपण तोडायला नाही. टोक लागलं की तोंडावर येते. हे काल सांगायला हवं होतं."

चिगुसाचा हात आपोआप मानेकडे गेला. "मग काल का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

"राहिलं."

"माझं विचारायचं?"

"माझं सांगायचं."

चिगुसा तिच्याकडे बघत राहिली. रागानं नाही, पण चटकन नजरही काढली नाही. किनुए ट्रककडे गेली आणि दुसरं यंत्र घेऊन आली. मग काल काउंटरवर जे करायचं होतं ते तिनं बर्फात उभं राहून केलं.

"काय कापणार?"

"ओक. थोडा बर्च."

"केवढं जाड?"

"जेवायच्या ताटाएवढं. त्याहून मोठं हे कापतील."

"कोण धरणार?"

"मीच. एकटीच."

"किती दिवस?"

वर्षातले किती दिवस, असं किनुएला विचारायचं होतं. सगळ्यांना कळायचं. चिगुसानं क्षणभर विचार केला.

"आता मरेपर्यंत," ती म्हणाली. "दुसरीकडे कुठं जायचंय मला?"

किनुएनं मान हलवली आणि नवं यंत्र तिच्या हातात दिलं. मागची मूठ उजव्या हातात, पुढचा दांडा डाव्या, आणि डाव्या हाताचा अंगठा दांड्याखालून. "अंगठा वर ठेवायचा नाही. ओंडका आधी ठोकळ्यावर ठेवायचा, पायानं धरायचा नाही. डोकं पात्याच्या रेषेत आणायचं नाही. टोकानं काही शिवायचं नाही." चिगुसानं एक काप घेतला. चकती सुटून भुशावर पडली. तिनं ती उचलून दोन्ही बाजूंनी बघितली.

"सरळ गेली की हो. म्हणजे माझा हात ठीक होता."

"ठीक होता," किनुए म्हणाली.

*

स्वयंपाकघराच्या मातीच्या भागात शेगडी पेटली होती आणि वर दोरीवर मुळे टांगले होते. किनुएला आत यायचं नव्हतं, पण धार कशी लावायची हे न दाखवता चेनसॉ द्यायचा नाही, हाही तिचाच नियम होता. या घरात ती पहिल्यांदाच येत होती. इवाओच्या चपला दाराशी कुठे असतील हे तिनं अनेकदा मनात ठरवलं होतं. त्या उजवीकडे होत्या. तिनं डावीकडे धरल्या होत्या.

"ढकलताना लावायची, ओढताना उचलायची," ती दाखवत होती. "एकेका दाताला तीन हात. मोजून. आज तीन मारले तर सगळ्यांना तीन."

चिगुसानं चष्मा लावला. ती चटकन शिकणारी होती. हेही किनुएला बोचलं. दहा दात झाल्यावर चिगुसा उठली आणि आतून इवाओची करवत घेऊन आली.

"हिची बघा ना. म्हणजे चांगली लावलेली धार कशी असते ते कळेल." तिनं साखळी दिव्याखाली धरली, बोटानं दात चाचपले आणि थांबली. "ताई, हे डावीकडचे दात आखूड आहेत. सगळेच. लावणाऱ्याची चूक झाली का ही?"

किनुए काही बोलायच्या आत दार सरकलं. इवाओ आला. देवळातली साके चढून त्याचा चेहरा लाल झाला होता आणि हातात प्रसादाचे दोन मोची, तांदळाचे मऊ गोळे, कागदात गुंडाळलेले होते.

"किनुएताई? तुम्ही इथं कशा? आज तर सुट्टी."

"करवत बदलून द्यायला आल्यात," चिगुसा म्हणाली. "ती छोटी मला जमेना."

"बरं झालं. चूक कसली म्हणत होतीस?"

"तुमची साखळी. डावे दात आखूड आहेत."

इवाओ हसला. "काहीतरीच. मालकांच्या हातचं काम आहे ते. एकोणीस वर्षं तेच धार लावतात, एकदा काप वाकडा गेला नाही. आज देवीपुढं त्यांचा पेला भरताना मी म्हणालोसुद्धा, मालक, धार लावावी तर तुम्ही. नुसते हसले बिचारे. वय झालं आता त्यांचं." तो किनुएकडे वळला. "खरं की नाही, ताई?"

किनुएच्या हातात कानस होती. तिनं तिच्यावरची लोखंडाची पूड अंगठ्यानं पुसली.

"खरं आहे," ती म्हणाली.

"ऐकलंस?" इवाओ बायकोला म्हणाला. मग त्याचं लक्ष तिच्या खांद्याकडे गेलं. "कोट कुठं फाडलास?"

"फांदीत अडकला," चिगुसा म्हणाली. "शिवते मी. तुम्ही कपडे बदला आधी, बर्फ वितळतंय अंगावर."

तो आत गेला. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. चिगुसानं किटलीतलं पाणी चहाच्या भांड्यात ओतलं. ओतता ओतता ती किनुएच्या हाताकडे बघत होती. उजव्या तर्जनीच्या आतल्या बाजूला काळी पडलेली खाच होती, कानस टेकून टेकून झालेली. धुऊन जाणारी नव्हती.

"काल मालकांच्या हातातला चहा सांडत होता," चिगुसा हळू आवाजात म्हणाली.

"वय झालं."

"पावतीसुद्धा तुम्हीच लिहिलीत."

किनुएनं हातातली कानस खाली ठेवली.

"हे दात मुद्दाम आखूड केलेत ना?"

"खांदा आहे त्यांचा," किनुए म्हणाली. "कापताना डावीकडे जातात. करवत उजवीकडे ओढली की मेळ बसतो."

"त्यांना माहीत नाही?"

"माहीत कशाला हवं? काप सरळ येतो ना."

आत इवाओ खाकरला. चिगुसानं दाराकडे बघितलं आणि पुन्हा किनुएकडे. काल का नाही सांगितलंत, या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं आणि लगेच तिनं ते आवरलंही. किनुएला वाटलं, आता ती रागावेल किंवा कीव करेल. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"मी सांगू का त्यांना?" चिगुसानं विचारलं.

"नको."

"मग साखळी पूर्वीसारखी दुकानात पाठवत जाऊ, की—" तिनं वाक्य तिथंच सोडलं आणि चहाचा कप किनुएसमोर सरकवला. सोडलेलं वाक्य किनुएनं पुरं करावं म्हणून ती थांबली. घाई केली नाही.

पाठवा, एवढा एकच शब्द होता. किनुए चहाच्या वाफेकडे बघत बसली. महिन्यातून एकदा, दिव्याखाली, अर्धा तास. त्यापलीकडे तिचं त्यात काही नव्हतं, आणि ते अर्ध्या तासाचं कोणी मागितलेलंही नव्हतं. समोरच्या बाईनं ते आपणहून ठेवायला दिलं होतं. म्हणूनच ते घेता येईना.

"तुम्हीच लावा," ती म्हणाली. "डाव्या दातांना कानशीचे दोन हात जास्त. जानेवारी-फेब्रुवारीत तीन, थंडीत खांदा जास्त धरतो. त्यांचा हात सैल पडला असं वाटलं तर मार्चमध्ये परत दोनवर या. आणि ती करवत तुम्ही वापरू नका, तुमची बिघडवेल सवय."

चिगुसानं ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. मग तिचा हात दोन कानशींपैकी गुळगुळीत मुठीच्या जुन्या कानशीकडे गेला.

"ती नाही," किनुए म्हणाली. "नवी घ्या. ही माझ्या हाताला बसलीय."

तिनं जुनी कानस कापडात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. चहा तिनं संपवला. निघताना इवाओ दारापर्यंत आला आणि प्रसादाचा एक मोची त्यानं तिच्या हातात दिला.

"मालकांना सांगा," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात येतोच साखळी घेऊन."

चिगुसा त्याच्या मागे उभी होती. फाटक्या खांद्यावर तिनं तळहात दाबून धरला होता.

*

देवळाच्या वळणावर किनुएनं ट्रक थांबवला. मागे छोटा चेनसॉ खोक्याशिवाय पडला होता आणि उताराला इकडून तिकडे घरंगळत होता; तो नीट अडकवायला म्हणून ती उतरली. अडकवून झाल्यावरही ती गाडीत बसली नाही. पुरुषांच्या पावलांनी देवळापर्यंतचं बर्फ तुडवलं गेलं होतं. पायरीवर ताटलीत मासा होता, तोंड वासून पडलेला. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला चर होता आणि चराच्या पलीकडे ओकचं रान सुरू होत होतं. तिकडच्या बर्फावर एकही पाऊल नव्हतं.

किनुएनं चर ओलांडला आणि ती झाडांत जाऊन उभी राहिली. वारा नव्हता. दूर कुठं फांदीवरून बर्फ घसरला आणि पुन्हा शांत झालं. तिनं हातमोजे काढले. मोजायला कोणी येताना दिसत नव्हतं, तेव्हा तिनं स्वतःच मोजायला घेतलं. उभ्या जागेवरून दिसत होती तेवढीच झाडं, डावीकडून, कानशीचे हात मोजायची तशी, न घाई करता.

तेरा भरली. तिनं पुन्हा मोजली, या वेळी उजवीकडून. तेराच होती; तिला धरून चौदा झाली नव्हती.

मग तिनं हातमोजे चढवले, आपल्याच पावलांत पाऊल टाकत चर ओलांडला आणि ट्रक सुरू केला.